कानावर पडलेलं

नांदेडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना गच्चीवरच्या झोपेचं सुख वेगळं सांगायला नको. दिवेलागणीला फरशीवर बादल्या ओतायच्या, तापलेली फरशी चर्र करून सगळं पाणी पिऊन टाकायची, आणि नऊ-साडेनऊला गाद्या पडायच्या. आमची गच्ची आणि शेजारच्या शीख कुटुंबाची गच्ची यांच्यामध्ये गुडघ्याएवढा कठडा होता. पलीकडे त्या घरातल्या आजी झोपायच्या. सगळी गल्ली त्यांना बेबे म्हणायची, म्हणून आम्हीही बेबेच म्हणायचो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचं. बोलणं दखनी, त्यात मराठीची भर, आणि गुरूंचं नाव निघालं की पंजाबी. नातवाला थोपटत त्या रोज विचारायच्या, "आज कौनसी साखी?"

मला ते सखी असं ऐकू यायचं. बरेच दिवस मी त्या सखीची वाट पाहिली. ती कधी येते, कशी दिसते, हे कळायच्या आत गोष्ट संपायची किंवा मला झोप लागायची. पुढे कधीतरी कळलं की साखी म्हणजे साक्ष.

त्या गोष्टी माझ्यासाठी नव्हत्या. बेबे त्यांच्या नातवाला सांगत होत्या आणि कठड्याच्या अलीकडे मी नुसती पडून होते. माझ्याकडे त्या गोष्टी आल्या त्या अशा, कानावर पडून. यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटायचं कारण नव्हतं. आता पन्नाशीत त्याच साख्या पुन्हा वाचायला घेतल्यावर मात्र जाणवलं की ज्या साख्या माझ्या मनात रुतून बसल्या, त्यांतल्या माणसांचंही असंच झालं होतं. कुणीतरी स्वतःसाठी काहीतरी म्हणत होतं आणि ते यांच्या कानावर पडलं.

गुरू नानकांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्या जनमसाख्या, म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या गोष्टी, निदान आज हाताशी असलेल्या जुन्यातल्या जुन्या, सतराव्या शतकात लिहून ठेवलेल्या. म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं त्या तोंडातून कानात, कानातून तोंडात फिरत होत्या. आपल्याकडे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा एकेका माणसाला विचारून गोळा केल्या, तसाच हाही आठवणींचा माल. इतिहासाचे अभ्यासक चाळण लावून त्यातलं किती खरं ते बघतात. त्यांनी बघावंच. मला मात्र त्या आठवणींनी काय जपलं हे बघायचं असतं. शे-दीडशे वर्षं माणसं एखादी गोष्ट सांगत राहतात तेव्हा त्यातला जो तपशील गळत नाही, त्याला काही कारण असतं.

सज्जनची साखी घ्या. मुलतानकडच्या वाटेवर तुलंबा नावाचं गाव, तिथे सज्जन राहायचा. बेबे त्याला सज्जन ठग म्हणायच्या, जुन्या जनमसाखीत त्याचं नाव शेख सज्जन आहे. त्यानं वाटसरूंसाठी घर बांधलं होतं, आणि त्यात हिंदूंसाठी देऊळ आणि मुसलमानांसाठी मशीद, दोन्ही. कुणीही आलं तरी आदरसत्कार. रात्री मात्र पाहुण्याला मारून विहिरीत टाकायचं आणि त्याचा माल आपला करायचा. सकाळी हातात काठी आणि जपमाळ घेऊन, सतरंजी टाकून पुन्हा वाटेवर डोळे लावून बसायचं.

नानक आणि मरदाना तिथे उतरले. मरदाना त्यांच्या गावचा, तलवंडीचा, जातीनं मिरासी, मुसलमान, रबाब वाजवणारा. रात्र झाली तसं सज्जननं सांगितलं, उठा, झोपा आता. नानक म्हणाले, देवाचं एक गाणं म्हणतो आणि झोपतो. सज्जन म्हणाला, म्हणा, रात्र चालली आहे. तो बाहेर वाट बघत राहिला. मरदान्यानं रबाब छेडला.

ते गाणं गुरू ग्रंथसाहिबात राग सूहीत आहे. 'उजल कैहा चिलकणा' अशी त्याची सुरुवात. कैहा म्हणजे कांसं. उजळ, चकचकीत कांसं, पण घासलं तर काळी शाई सुटते. शंभर वेळा धुतलं तरी त्याचं उष्टेपण जात नाही.

हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातून काशाची वाटी काढून आणली. आजीची वाटी. उन्हाळ्यात डोळ्यांची आग व्हायला लागली की आजी तळपायाला साजूक तूप चोपडायची आणि त्या वाटीच्या बुडानं घासत बसायची. आधी नुसतं गुळगुळीत लागायचं. मग हळूहळू तूप करडं व्हायचं, मग शिशासारखं, आणि शेवटी तळपाय काजळ फासल्यासारखे काळे. "बघ किती उष्णता साठली होती," असं ती म्हणायची, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. तो काळेपणा माझ्यातून निघाला असं मला वाटायचं. खरं तर कांसं म्हणजे तांबं आणि कथील, आणि तुपाशी घासलं की काळं सुटतं ते त्या धातूचं. वाटी पुसून ठेवली की पुन्हा लख्ख. पुन्हा घासा, पुन्हा काळं.

पाचशे वर्षांपूर्वी पंजाबातल्या कुणीतरी तेच बघितलं होतं. आणि ते बघितलेलं त्यानं एका खुन्याच्या घरात, मध्यरात्री, गाण्यात घातलं.

पण मला त्या गाण्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यात 'तू' असा आहेस, असं नाही. त्यात 'मी' आहे. मी घासलं, मी धुतलं. पुढे बगळे येतात, पांढऱ्या कपड्यांत तीर्थावर राहणारे आणि जिवंत जीव गिळणारे. बाहेरून रंगवलेले वाडे येतात, आतून रिकामे, पडले की कुठल्याच कामाचे नसलेले. मग काटेसावर येते. माझं शरीर त्या झाडासारखं आहे, बघून पाखरं भुलतात, पण फळ कामाचं नाही, आणि तेच गुण माझ्या अंगात आहेत, असं गाणारा म्हणतो. ज्यांनी मराठवाड्यात होळीच्या आधी पानगळ झालेल्या सावरीवर लालभडक फुलं बघितली आहेत आणि नंतर तिच्या बोंडातून उडणारा कापूस बघितला आहे, त्यांना हे सांगायला लागू नये. शेवटी एक आंधळा येतो. डोक्यावर ओझं, पुढे डोंगराची लांबलचक वाट, डोळे शोधून सापडत नाहीत. चढू कसा, ओलांडू कसा?

आणि या सगळ्याच्या मधून धृपदासारखं परत परत येतं, 'सजण सेई'. सज्जन तेच, जे मी निघालो की माझ्याबरोबर चालतील आणि जिथे हिशेब मागतील तिथेही उभे राहतील. पंजाबीत सज्जन म्हणजे जिवलगही. बाहेर दबा धरून बसलेल्या माणसाला अंधारातून स्वतःचं नाव ऐकू येत होतं. नानकांनी मुद्दाम म्हटलं का, हा वाद घालणारे घालतात. मला तो वाद नको वाटतो. बेबे सांगताना इथे आवाज खाली आणायच्या, इतका की मला कठड्याच्या जवळ सरकावं लागायचं.

तो आत आला आणि पाया पडला. म्हणाला, माझी पापं माफ करा. जनमसाखीत नानकांचं उत्तर आहे ते फार सरळ आहे. देवाच्या दरबारात दोन गोष्टींनी पाप फिटतं: खरं बोल, किती खून केलेस ते सांग. आणि ज्यांचं जे घेतलंस ते घेऊन ये, देऊन टाक. त्यानं एकेक खून सांगितला. माल आणून ठेवला. शिखांची पहिली धर्मसाळ, म्हणजे एकत्र भजनाला बसायची जागा, तिथेच उभी राहिली, असं साखी सांगते. ज्या घरात देवळाचा आणि मशिदीचा सापळा लावलेला होता, त्याच घरात. घर पाडलं नाही, जाळलं नाही. नानक पुढे गेले आणि सज्जन तिथेच, त्याच वाटेवर वाटसरूंची वाट बघत राहिला.

यासाठी मला धर्मांतर हा शब्द इथे वापरावासा वाटत नाही. आज तो शब्द कोर्टकचेऱ्यांचा आणि भांडणांचा झाला आहे, त्याच्याबरोबर नावं बदलणं येतं, अर्ज येतात. जनमसाख्यांत माणूस फार तर पाया पडतो, चरणामृत घेतो, आणि 'गुरू गुरू' जपायला लागतो. सिख म्हणजे शिष्य, शिकणारा. तो शिकायला लागला, एवढंच साखी सांगते.

दुसरी साखी लहण्याची. हा भाई लहणा खडूरला राहायचा, देवीचा मोठा भक्त. दरवर्षी गावकऱ्यांचा जथा घेऊन ज्वालामुखी देवीच्या यात्रेला जायचा, आपल्याकडे दिंडीचा प्रमुख असावा तसा. त्याच खडूरमध्ये जोधा नावाचा एक शीख राहायचा. पहाटे उठून तो नानकांची वाणी म्हणायचा, स्वतःशीच. ती लहण्याच्या कानावर पडली. सकाळी त्यानं जोधाला गाठून विचारलं, हे शब्द कुणाचे? पुढच्या यात्रेला निघाला तेव्हा वाटेत रावीकाठी कर्तारपूर लागलं. जथ्याला म्हणाला, तुम्ही थांबा, मी जाऊन येतो.

पुढचं सांगणारे फार प्रेमानं सांगतात. लहणा घोड्यावर. शिवारात एक म्हातारा भेटला, त्याला वाट विचारली. म्हातारा म्हणाला, या माझ्यामागून, आणि त्यानं लगाम धरला. घरापाशी पोचल्यावर घोडा बांधून लहणा आत गेला, तर गादीवर तोच म्हातारा. लहणा लाजेनं अर्धा झाला, की ज्यांचं दर्शन घ्यायला आलो त्यांना पायी चालवलं आणि आपण घोड्यावर बसलो. नानकांनी नाव विचारलं. लहणा म्हणजे येणं, उधारीतलं वसूल व्हायचं असतं ते. नानक म्हणाले, तुझं येणं आहे तर माझं देणं आहे. तरुणपणी सुलतानपूरच्या मोदीखान्यात धान्याचे हिशेब लिहिलेला माणूस, आणि वडील गावचे पटवारी. या घराची भाषा वहीखात्याची असणार, यात नवल नाही.

जथा पुढे गेला, लहणा राहिला. एके दिवशी रेशमी कपड्यांत कर्तारपूरला आला तर नानक शेतात होते, गवताचा भारा पडला होता, भातखाचरातला, चिखलानं निथळणारा. लहण्यानं तो डोक्यावर घेतला. घरी पोचेपर्यंत रेशमावर चिखलाचे ओघळ. माता सुलखनी म्हणाल्या, अहो, पाहुण्याचे कपडे तरी बघायचे. नानक म्हणाले, तो चिखल नाही, केशर आहे. हाच लहणा १५३९ साली गुरू अंगद झाला.

मला या साखीत जोधाचं फार वाटतं. त्याचं नाव आलं, काम झालं आणि तो गेला. पहाटे अंघोळ करून जे म्हणायचं ते म्हणून तो आपल्या कामाला लागत असणार. त्याला कुणाला शीख करायचं नव्हतं.

आमच्याकडे पहाट दोन आवाजांनी उजाडायची. एक आजीचा हरिपाठ आणि दुसरा गुरुद्वाऱ्यावरून येणारं कीर्तन. रोज गोदावरीचं पाणी गागरीत भरून सचखंडला, म्हणजे नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्यात, नेण्याची तिथे रीत आहे. पाऊस असो, थंडी असो, गागर चुकत नाही. ती मी लहानपणी फार थोड्या वेळा बघितली, कारण त्या वेळी आम्ही झोपेत. पण गावातल्या प्रत्येकाला ती माहीत. गुरू अमरदासांची साखी मी ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीच गागर आली, म्हणून आधी तिचं सांगितलं.

अमरदास बासरक्याचे. परंपरेनं जन्म १४७९चा. वैष्णव घर, उपासतापास, आणि हरिद्वारच्या वीस-एक वाऱ्या केलेल्या. एका वारीत एक साधू बरोबर होता, एकत्र खाणंपिणं झालं. त्यानं सहज विचारलं, तुमचे गुरू कोण? हे म्हणाले, अजून कुणी नाही. साधू कळवळला, निगुऱ्याच्या हातचं मी खाल्लं, माझं पुण्य गेलं. साठीच्या माणसाला हे लागणारच. ते टोचणं घेऊनच ते घरी परतले.

त्यांच्या पुतण्याची बायको अम्रो, ही गुरू अंगदांची लेक. नवीनच सून होऊन आलेली. ती पहाटे ताक घुसळत होती आणि घुसळता घुसळता गात होती. हा तपशील मला वाचावाही लागला नाही, तो मला ठाऊक होता. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायका गायच्या त्या कुणाला ऐकवायला थोड्याच? हात चालायला लागले की आवाज आपोआप वर यायचा, आणि अंथरुणात अर्धवट जागं असलेलं सगळं घर ते ऐकत असायचं. माहेरची आठवण, सासूची तक्रार, विठोबा, सगळं त्याच ओवीत. घरातल्या पुरुषांनी सुनेचा मोकळा आवाज ऐकला असेल तर तेवढ्याच वेळी.

परंपरा म्हणते की अम्रो राग मारूतलं नानकांचं पद गात होती, 'करणी कागदु मनु मसवाणी'. करणी हा कागद आणि मन ही दौत, बरं-वाईट दोन्ही लिहिलं जातंय. सज्जनच्या गाण्यात काशातून सुटलेली शाई आणि इथे दौतीतली शाई. पद पुढे लोहाराच्या भट्टीत जातं. शरीर ही भट्टी, मन त्यातलं लोखंड, वर पापांचे कोळसे, आणि चिंतेच्या सांडशीत धरलेलं ते मन जळतंय. पण असा गुरू भेटला तर त्या जळक्या लोखंडाचंही सोनं होतं. वीस वेळा गंगा न्हालेला, निगुरा म्हणून हिणवला गेलेला म्हातारा शेजारच्या सोप्यात कूस बदलत पडलाय आणि भिंतीपलीकडून हे येतंय.

पुढे ते खडूरला गेले, राहिले, आणि बारा वर्षं त्यांनी एकच काम केलं. रात्र सरायच्या आत बियास नदीवर जायचं, घागर भरायची आणि गुरू अंगदांच्या अंघोळीला पाणी आणायचं. एका पावसाळी रात्री अंधारात विणकऱ्याच्या मागाच्या खुंटीला त्यांचा पाय अडखळला. ते पडले, पाणी मात्र सांडू दिलं नाही. आवाजानं विणकरी जागा झाला, म्हणाला, कोण आहे? त्याची बायको आतून म्हणाली, एवढ्या रात्री दुसरं कोण असणार, तो अमरू निथावां. निथावां म्हणजे ज्याला ठाव नाही असा. घर सोडून व्याह्याच्या दारात पाणी भरणारा म्हातारा, त्याला ती बाई दुसरं काय म्हणणार? आणि हेही पुन्हा तसंच. ती नवऱ्याशी बोलत होती, ऐकणारा बाहेर पाण्यात बसला होता.

गुरू अंगदांनी तो शब्द फेकून दिला नाही. ज्यांना ठाव नाही त्यांचा ठाव, असं त्यांनी अमरदासांना म्हटलं. १५५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अमरदास तिसरे गुरू झाले. आधी पंगतीला बसा, मग भेट, हा त्यांच्या दाराचा नियम. सतीच्या चालीविरुद्ध बोलले, पडद्याविरुद्ध बोलले. दूरदूरच्या शिखांसाठी त्यांनी मंजी नावाची केंद्रं नेमली आणि त्यातली एक अम्रोकडे सोपवली, असं परंपरा सांगते.

सगळ्याच साख्या कानाच्या नाहीत, हे कबूल करते. कत्थूनंगलचा बुरा नावाचा गुराखी पोरगा नानकांना म्हणाला होता की सैन्यानं आमचं शेत कापून नेलं, पिकलेलं आणि कच्चं दोन्ही. मग मरणही मला लहान म्हणून सोडेल कशावरून? नानक म्हणाले, तू पोरगा नाहीस, बुढ्ढा आहेस. हेच बाबा बुढ्ढा, ज्यांनी पुढे अंगदांपासून हरगोविंदांपर्यंत पाच गुरूंना टिळा लावला आणि १६०४ साली अमृतसरच्या हरमंदिरचे, म्हणजे सुवर्णमंदिराचे, पहिले ग्रंथी झाले. आणि आमच्या गावची साखी तर याच्या अगदी उलट. १७०८ साली गुरू गोविंदसिंग गोदाकाठी माधोदास बैराग्याच्या मठात शिरले आणि थेट त्याच्या पलंगावर जाऊन बसले. त्या पलंगावर बसणाऱ्याला बैरागी मंत्रानं उलथवून टाकतो अशी ख्याती. तो तणतणत आला, सगळे मंत्र वापरून बघितले आणि शेवटी म्हणाला, मी तुमचा बंदा. नांदेडच्या शाळकरी पोरांची ही सर्वांत आवडती गोष्ट, आणि बंदा घाटावर गेलं की कुणी ना कुणी ती सांगतंच. लहानपणी मलाही तो पलंग फार आवडायचा. आता सज्जनच्या दाराबाहेरचा अंधार जास्त ओढतो.

भाई गुरदासांच्या अकराव्या वारेत (वार म्हणजे पोवाड्यासारखं लांब कवन) या पहिल्या माणसांची नावं आहेत. हे गुरदास अमरदासांच्याच कुळातले, आणि आदिग्रंथाची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाच्या मूळ रूपाची, पहिली प्रत यांच्याच हातची. ती वार म्हणजे नावांची रांग आहे, आणि मला ती कुठल्याही साखीइतकीच आवडते. तारू पोपट. गुजर, जातीचा लोहार. धिंङ न्हावी. मजलिशीत चांगला रबाब वाजवणारा मरदाना मिरासी. मैलसीहां गावचा भागीरथ, जो कालीचे गुण गायचा. बघा, शीख झाल्यावरही कालीचं नाव पुसलं नाही. तो आधी कुणाचा होता हे गुरदासांना लपवावंसं वाटलं नाही. लोहार लोहारच राहिला, न्हावी न्हावीच. आपल्याकडे सावता माळ्याला मळा सोडावा लागला नाही, गोरोबांना चाक सोडावं लागलं नाही, तसंच.

एकदा रात्री आजीही गच्चीवर आली होती. खाली उकडतंय म्हणून. पलीकडे बेबे काहीतरी गुणगुणत होत्या आणि त्यात 'नामदेव' आलं. आजी ताडकन उठून बसली. आमच्या घरी पंढरीची वारी, आजीची गळ्यातली माळ शेवटपर्यंत उतरली नाही. तिनं कठड्यावरून विचारलं, "बेबे, हा आमचा नामा का?" बेबे म्हणाल्या, "हमारा भी है, बहनजी." नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आजीला माहीत नव्हतं. पंढरपूरच्या शिंप्याचे शब्द पंजाबात जाऊन, तिथल्या पोथीत बसून, एका शीख बाईच्या तोंडून गोदाकाठच्या गच्चीवर परत तिच्या कानावर पडले होते. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं आपला एक अभंग म्हटला, अगदी हळू, पोरं झोपली होती म्हणून. मी झोपले नव्हते.

त्या दोघी आता नाहीत, कठडाही नाही. गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आणि पत्रे आले. काशाची वाटी माझ्याकडे आहे. यंदा उन्हाळ्यात आईच्या पायांची आग व्हायला लागली तेव्हा मी ती काढली. आईनं डोळे मिटून घेतले होते. तूप करडं व्हायला लागलं तशी माझ्या मनात ती साखी सुरू झाली, आणि का कोण जाणे, सज्जनपाशी न थांबता अम्रोकडे गेली.

साखीत तिची वाक्यं फार थोडी आहेत. चुलत सासऱ्यांनी विचारलं, हे शब्द कुणाचे? तिनं सांगितलं, माझ्या वडिलांच्या गुरूंचे, मी वडिलांकडून शिकले. ते म्हणाले, मला त्यांच्याकडे घेऊन चल. मग ती दोघं खडूरला निघाली. डोईवर पदर घेतलेली कोवळी सून आणि साठी उलटलेला घरातला वडीलधारा. वाटेत काय बोलली असतील? बहुधा काहीच नाही. सुनेनं सासऱ्यांशी आपण होऊन बोलायचं नसतं, आणि त्यांना विचारायचं होतं ते विचारून झालं होतं.

खडूरला पोचल्यावर गुरू अंगद उठले. दारात व्याही आलेले, तेही वरपक्षाचे, वयानं पंचवीस वर्षांनी मोठे. रीतीप्रमाणे ते गळाभेटीला पुढे झाले. आपल्याकडे मुलीच्या बापानं अशा वेळी किती लवायचं असतं ते आपण लग्नाघरी बघतोच. पण त्यांचे हात गळ्याशी पोचायच्या आत अमरदास खाली वाकले होते आणि त्यांचं डोकं अंगदांच्या पायांवर होतं. मला अम्रो दारात उभी दिसते. समोर तिचं सगळं सासर तिच्या बापाच्या पायाशी वाकलेलं, आणि ती अजून उंबऱ्याबाहेरच, तोंडावर पदर धरून.